शिडाचं ठिगळ

अलीदादांच्या तोंडून ‘हो’ निघालं, तर रझियाला तिची स्वतःचीच मुलगी मिळणार होती.

मिळकत म्हणाल तर एवढीच. पण तिच्या नवऱ्याला, तहाला, जाऊन वर्ष होत आलेल्या घरात ती थोडी नव्हती. महरीन दोन वर्षं गावी, कर्ल्यात राहणार, पडवीत तिच्या चपला वाकड्यातिकड्या पडणार, ‘अम्मी, आज पण बांगडाच?’ असं कोणीतरी नाक मुरडून विचारणार. आणि दादा ‘नाय’ म्हणाले, तर सोमवारी महरीन मुंबईला, मीरा रोडच्या स्टुडिओत, लोकांच्या नवऱ्यामुलींच्या मेंदीचे फोटो काढायला. मग घरात उरणार रझिया आणि मांजर. त्यातही मांजराचा भरवसा नव्हता. झरीनच्या घरी मासळी जास्त येते हे त्याला केव्हाच कळलं होतं.

‘हो’ हवं होतं ते शेडीसाठी. खाडीच्या कडेला, माडांच्या आत, होडेकरांची जुनी शेड होती. रझियाचे सासरे इब्राहिमबाबा तिथे बसून शिडं शिवायचे. गलबतांना इंजिनं लागली, शिडं गेली, मग बाबाही गेले. शेड तिघा भावांच्या नावावर राहिली: थोरले अलीदादा, मधला तहा, म्हणजे महरीनचा बाप, आणि धाकटा तन्वीर. नावं तिघांची असली तरी शब्द अलीदादांचाच चालायचा. तहा होता तेव्हाही तोच चालायचा, फक्त तेव्हा त्यांना कोणी ‘पण’ म्हणायला होतं.

माळ्यावर गुंडाळून पडलेली शिडं महरीननं पावसाळ्याआधी खाली काढली आणि त्यांच्यावर फोटो छापायला लागली. कापडाला कसलंसं औषध चोपडायचं, त्यावर मोठी निगेटिव्ह नाहीतर एखादी वस्तू ठेवायची आणि उन्हात धरायचं. ऊन पडेल तिथे निळं, सावली राहील तिथे पांढरं. खाडीची भरती, कातळाच्या सड्यावरचं वाळलेलं गवत, दर्ग्याची झिजलेली पायरी, बाबांचं शिड शिवायचं दाभण, असं काय काय त्या जुन्या कापडांवर उतरलं होतं. माणूस मात्र एकाही कापडावर नव्हता. तो दादांचा धाक. हजहून आल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या तसविरी उतरवल्या होत्या. इब्राहिमबाबांचा फोटोही स्वतःच्या हातानं उतरवला, आणि त्या दिवशी जेवले नव्हते. न जेवल्याचं फक्त रझियाला माहीत होतं, कारण ताट तिनं उचललं होतं.

छापून झालेल्या कापडांच्या कडा दुमडून शिवायचं काम रझियाचं. सासऱ्यांनी तिला शिडाचा टाका शिकवला होता. तीन मुलगे असताना सुनेला का शिकवला, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मुलग्यांनीही विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

रविवारी मुंबईच्या एका संस्थेच्या बाई येणार होत्या. सगळी कापडं शेडीत वाशांना टांगायची, खाडीचा वारा लागून ती हलायला हवीत, अशी महरीनची कल्पना. बाईंना पसंत पडलं तर किनाऱ्यावर उरलेल्या शिडवाल्यांवर दोन वर्षांचं काम. पण तन्वीरला कुवेतहून परत आल्यापासून शेडीत मासळीचं कोल्ड स्टोरेज दिसत होतं. त्याची बर्फवाली पार्टी आज, गुरुवारी, दुपारच्या जोहरच्या नमाजीआधी दादांचा शब्द घ्यायला येणार होती. शब्द मिळायच्या आधीच त्यानं शेडीला नवं कुलूप लावलं होतं. साफसफाईसाठी म्हणे. कुवेतमध्ये साफसफाई कुलूप लावून करत असावेत.

त्या कुलपामुळे सगळं घडलं. एरवी महरीन औषध लावायचं काम शेडीत करायची. शेवटचं कापड, सगळ्यांत मोठं, बाबांच्या हातचं एकमेव अखंड उरलेलं शीड, तिला घरातल्या कोठीच्या खोलीत टांगावं लागलं.

“अम्मी, खोलीचं दार लावूनच ठेव हां,” सकाळी गंगाराम सुताराकडे कापडं टांगायच्या पट्ट्या आणायला निघताना ती म्हणाली. “दुपारपर्यंत ते कडकडीत सुकायला हवं. नाहीतर रविवारचं काही खरं नाही.”

“सुकेल गो. तू चहा पिऊन जा.”

पण चहा न घेताच ती गेली.

रझियानं थोड्या वेळानं दार किलकिलं करून बघितलं. दमट अंधारात हिरवट-पिवळट कापड ओलसर लटकत होतं. कोठीच्या खोलीत पापडसुद्धा सुकत नाहीत, हे कर्ल्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. मुंबईत शिकलेल्या पोरीला कळत नव्हतं. दार लावायचं ते मांजरासाठी, एवढा अर्थ रझियानं लावला. बाहेर मार्गशीर्षातलं ऊन अंगणातल्या सारवलेल्या खळ्यात स्वच्छ पडलं होतं. कडकडीत सुकायला हवं म्हणते, आणि ठेवते अंधारात! रझियानं कापड काढलं, खळ्यात चटई घातली, तिच्यावर ते ताणून पसरलं, कोपऱ्यांवर चार चिरे ठेवले. मांजराला काठी दाखवली. मग समाधानानं मसाला वाटायला बसली.

निळी झालेली कापडं तिनं ढिगानं शिवली होती. निळं व्हायच्या आधीचं एकही तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

ती बसते न बसते तोच खळ्याच्या फाटकाची कडी वाजली. अलीदादा शेजारच्या घरातून आले होते. आज शब्द द्यायचा दिवस, म्हणून पांढरा सदरा, इस्त्रीची लुंगी, हातात जपाची माळ, तसबीह. ते आत आले आणि कापडापाशी थबकले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रझिया बघत राहिली. दादा वाकले, कापडाची कड बोटांत धरून चोळली. आपल्या बापाचं शीड त्यांनी स्पर्शानं ओळखलं. इब्राहिमबाबा शेडीत शीडच घडी घालून, त्याची जानमाज करून, त्यावर नमाज पढायचे, ही त्या घरातली सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. कापड पूर्वपश्चिम, किब्ल्याच्या दिशेला पसरलेलं, चटईवर, स्वच्छ. भावजयीनं आपला मान ठेवला, एवढाच अर्थ कोणाही भल्या माणसानं लावला असता. दादांनी वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि सकाळच्या, चाश्तच्या नमाजीला उभे राहिले.

रझियाला काय वाटलं? तिला वाटलं, काम झालं. बापाच्या कापडावर डोकं टेकून उठलेला माणूस ‘नाय’ कसा म्हणेल? तिनं कोंबड्यांना हळूच परसात हाकललं. नमाज झाल्यावरही दादा उठले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून मांडी घालून, उन्हाकडे पाठ करून, तसबीह ओढत बसले. बराच वेळ बसले. त्यांची लांब सावली समोरच्या कापडावर पडली होती. रझियानं चहाचं आधण दोनदा खाली उतरवून ठेवलं. असं बसलेल्या माणसाला हाक मारत नाहीत.

शेवटी ते उठून पडवीत आले.

“तू बाबांची याद ठेवलीस हो, रझिया,” बशीत चहा ओतत ते म्हणाले. “आमच्या घरात कोण ठेवतो?”

रझियानं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. फुकट आलेलं पुण्य परत करायची तिला सवय नव्हती.

“मी विचार केला. तन्वीर म्हणतो ते काय खोटं नाय. पण रविवारपुरतं पोरीला…”

फाटक धाडकन उघडलं. हातातल्या पट्ट्या खळ्यात पडल्या.

“हे बाहेर कोणी आणलं?” महरीन ओरडली. “अम्मी! हे उन्हात कोणी घातलं?”

“मी. सुकत नव्हतं गो, म्हणून…”

“उन्हात नाही घालायचं! ऊन म्हणजे फोटो! संपलं सगळं. दुसरं कापड कुठून आणू मी?”

ती कापडापाशी गुडघ्यांवर बसली. कापड मघासारखं पिवळट राहिलं नव्हतं, करडं, मळकट पडलं होतं. मधोमध तेवढा एक फिकट डाग होता. महरीननं तो पाहिला आणि तिचं रडं तोंडातच राहिलं. तिनं उन्हाकडे बघितलं, डागाकडे बघितलं. मग कापड गुंडाळून छातीशी धरलं आणि विहिरीकडे धावली.

“काय झालं गो हिला?” दादांनी विचारलं.

रझियाला अजून कळलं नव्हतं. पण दादांचं वाक्य ‘पोरीला’पाशी तुटलंय, एवढं कळलं होतं, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा त्याच ठिकाणी जोडता येत नाही हेही.

महरीननं मोठ्या घंगाळात पाणी भरून कापड आत सोडलं. पाणी पिवळं झालं. तिनं ते ओतलं, दुसरं भरलं. आरडाओरडा ऐकून तन्वीर आणि त्याची बायको झरीन मागच्या दारानं आले. झरीनच्या हातात अजून खवायला घेतलेला नारळ होता. भांडण सुटेल म्हणून तो ठेवायलाही ती थांबली नव्हती.

कापड पाण्यात निळं होत गेलं. आधी आकाशासारखं, मग खाडीसारखं, मग त्याहून गडद. आणि मध्ये जो फिकट डाग होता, तो धुऊन पांढराशुभ्र निघाला. महरीननं दोन्ही हातांनी कापड वर उचलून धरलं.

मांडी घालून बसलेला माणूस. डोक्यावर टोपी. एक हात मांडीवर, दुसरा थोडा पुढे, बोटांखाली तसबीहीची पुसट माळ. नाक नाही, डोळे नाहीत. कडा विरघळलेल्या, कारण ऊन हळूहळू सरकत होतं. तरी माणूस तो माणूसच.

“या अल्ला,” झरीन म्हणाली. “हे तर हुबेहूब दादा!”

झरीननं आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकीच्या वेळी बरोबर सांगितल्या होत्या. ही त्यातली सगळ्यांत महाग.

अलीदादा पडवीची पायरी उतरून आले. कापडासमोर उभे राहिले. कपाळावरची शीर दिसायला लागली.

“हे मी?”

झरीननं नारळ पाठीमागे घेतला.

“मी विचारतोय. ज्याच्यावर मी पढलो, ते हे?”

“बडे अब्बा, ऐका…” महरीननं सुरुवात केली.

“मी अल्लासमोर उभा, आणि माझ्यासमोर माझीच तसवीर?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “माझी नमाज तुम्ही खराब केलीत? ह्या वयात? माझ्या बापाच्या कापडावर?”

तन्वीरला आपली वेळ कुठली हे नेहमी बरोबर कळायचं. “भाई, मी तुम्हाला आधीच बोललो होतो. ह्या पोरीला माणसाचा फोटो हवाच होता. कापड बघा कसं घातलंय, बरोब्बर किब्ल्याकडे! ठरवून केलेलं काम आहे.”

“चाचा, मी घरात पण नव्हते!”

“म्हणजे आईला सांगून गेलीस.”

“तन्वीर,” रझिया म्हणाली, “मी घातलं ते. मला कोणी सांगितलं नाय. ओलं कापड दिसलं, उन्हात टाकलं. तुझी आई काय करायची, ओलं कापड अंधारात लपवायची?”

“आणि भाई त्यावर उभे राहिले तेव्हा तुम्ही कुठे होतात, भाबी?”

“खिडकीत.”

“बघत होतात?”

रझियाला खोटं बोलता आलं असतं. तिनं मनातल्या मनात तराजू धरून पाहिला; खोट्याच्या पारड्यात महरीन होती, पण वजन भरत नव्हतं.

“बघत होते. मला वाटलं, बरं झालं. दादा खूश होतील, शेडीला हो म्हणतील. हे असं छापतं ते मला काय ठाऊक? ठाऊक असतं तर मीच उठवलं असतं त्यांना.”

“म्हणजे तू ते माझ्यासाठी पसरलं नव्हतंस,” दादा म्हणाले.

“नाय दादा.”

हे त्यांना तसविरीपेक्षा जास्त लागलं, असं रझियाला दिसलं. मघाच्या चहाबरोबर मिळालेलं पुण्य असं व्याजासकट परत गेलं.

“नमाज झाली तुमची,” महरीन घाईनं म्हणाली. “तुम्ही पढत होता तेव्हा कापडावर तसवीर नव्हतीच. तुमची सावली होती फक्त. सावली तर कुठल्याही जानमाजवर पडते. चित्र पक्कं झालं ते पाण्यात. मी धुतलं तेव्हा. पाप असलं तर ते माझं.”

“पापाचे वाटे घालू नको,” दादा म्हणाले. पण त्यांचे खांदे किंचित खाली आले. त्यांना तेवढंच हवं होतं बहुतेक. नमाजीची खोट दूर झाली, आता रागाला जागा मोकळी झाली. “कापड दे इकडे.”

“काय करणार?”

“फाडणार.”

महरीन कापड घेऊन मागे सरली. पाणी तिच्या कुडत्यावरून निथळत होतं. “हे फाडलंत तर मी आत्ताच्या आत्ता जाते. सोमवारपर्यंत पण थांबणार नाही. आणि परत येणार नाही, बडे अब्बा. ईदला पण नाही.”

पोर बापावर गेली होती. तहा पण असाच आधी शेवटचा शब्द बोलायचा आणि मग पहिला शोधत बसायचा.

“जाऊ दे ना मग,” तन्वीर म्हणाला. “भाई, पार्टी येईल आता. तुम्ही फक्त एक शब्द बोला, बाकी मी बघतो. ट्रक लावायला परसाकडचं कुंपण काढायचं, बस.”

“कुठलं कुंपण?” झरीननं विचारलं.

“आपल्या परसाचं. ट्रक खाडीकडून कसा येईल?”

“माझ्या चुलीमागनं ट्रक येणार?”

“दिवसाला चार-पाच येतील…”

“आणि ड्रायव्हर लोक माझ्या विहिरीवर आंघोळ करणार? हे मला आज सांगतोस? काल रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास, तेव्हा तोंड कुठे होतं?” झरीननं नारळ पायरीवर आपटला. “दादा, माझं ऐकाल तर पोरीचा कार्यक्रम होऊ द्या. त्या बाई चहा पिऊन जातील तरी. बर्फ जायचा नाय.”

तन्वीर बायकोकडे असा बघत राहिला, जसा माणूस स्वतःच्याच होडीला पडलेल्या भोकाकडे बघतो. झरीन रझियाच्या बाजूला आली होती हे खरं. पण ती महरीनसाठी आली नव्हती, विहिरीसाठी आली होती. रझियानं तेवढ्यावर भागवलं. घरात माणसं तत्त्वासाठी बाजू बदलत नाहीत, बदलली तरी ती टिकत नाहीत. विहीर टिकते.

अलीदादांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते कापडाकडे बघत होते.

“डावा खांदा,” ते म्हणाले.

“काय?” तन्वीरनं विचारलं.

“डावा खांदा उतरलाय. बघ. बाबा असेच बसायचे. शिडाचा दोरा ओढून ओढून त्यांचा खांदा उतरलेला. आम्हाला समोर बसवून दोरा धरायला लावायचे, मला आणि तहाला. आमचे पण उतरले.” त्यांनी हात आपल्या डाव्या खांद्यावर नेला. “हा मी नाय. हे बाबा बसलेत.”

“माझा का नाही उतरला?” तन्वीर स्वतःच्या खांद्याकडे बघत म्हणाला.

“तू दोरा धरलास कधी?”

रझियानं तोवर कापडाकडे नीट बघितलंच नव्हतं. तिनं मुलीच्या चेहऱ्याकडे, दिराच्या तोंडाकडे, दादांच्या शिरेकडे बघितलं होतं. हिशेब माणसांचा होता. आता तिनं वर पाहिलं.

टोपीखाली मान किंचित डावीकडे कललेली. इब्राहिमबाबांची मान ताठ असायची. अलीदादा ताठ चालतात, ताठ बसतात. आज तेवढं ऊन पाठीवर घेत, मणी ओढता ओढता त्यांना सैल वाटलं असेल. तसं, कोणीतरी पलीकडून काही सांगतंय आणि आपण ते ऐकतोय अशा बेतानं, एकच माणूस बसायचा. जेवून झालं की पडवीत. रझिया आतून भांडी घासत दिवसभराचं सगळं सांगायची आणि तो पाठमोरा, मान कलती करून ऐकायचा. मोबाइलमध्ये तहा होता, पासपोर्टवर होता. सगळीकडे डोळे वटारून, श्वास धरून, फोटो निघेपर्यंत कसाबसा उभा. ऐकत बसलेला तहा कुठेच नव्हता. तो हा इथे, तिच्या चुकीनं, तिनंच उन्हात टाकलेल्या कापडावर येऊन बसला होता.

तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. बोलली असती तर महरीन रडली असती, दादा विरघळले असते, की भडकले असते? सांगता येत नव्हतं. आणि हे तिचं एकटीचं होतं.

“बाबा असोत नाहीतर मी,” दादा शेवटी म्हणाले, “डोकं असलेला माणूस माझ्या शेडीत टांगायचा नाय. बुजुर्ग सांगतात, मान उतरवली की ती तसवीर राहत नाय, झाडासारखी होते. मानेच्या वरचं काप. मग टांग कुठे टांगायचं ते.”

“कापणार नाही,” महरीन म्हणाली.

“मग कुलूप आहेच,” तन्वीर म्हणाला.

“कापून अर्धा माणूस टांगू मी? त्यापेक्षा फाडा!”

“मग फाडतो!”

बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. दोन दारं लागली. तन्वीरनं केस सारखे केले. “आली पार्टी. भाई?”

अलीदादा फाटकाकडे बघत होते, महरीन कापड गच्च धरून उभी होती, आणि यांच्यातलं कोणीही आता मागं येणार नव्हतं. कारण प्रत्येकानं सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं.

“शीड कापत नाय,” रझिया म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“दादा, बाबांनी तुम्हाला काय शिकवलं? फाटलं, कुजलं, जळलं तरी शिडाला कात्री लावायची नाय. कापलेलं शीड वाऱ्यात उसवत जातं. ठिगळ लावायचं. त्यांनीच मला शिकवलं ना?” तिनं आवाज सांभाळला. “डोकं दिसायला नको ना तुम्हाला? नाय दिसणार. मी ठिगळ लावते. जुन्या शिडाचंच. चारी बाजूंनी, बाबांच्या टाक्यानं.”

“अम्मी, नको,” महरीन हळूच म्हणाली. “त्याची मान तर बघ…”

“बघितली,” रझिया म्हणाली. “आण दाभण.”

महरीननं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजली की नाही, कोण जाणे. ती दाभण आणायला गेली.

पार्टीची माणसं फाटकातून आत आली तेव्हा अलीदादा चटईवर बसले होते. मांडीवर ओलं शीड ताणून धरलेलं, बापासमोर धरायचे तसं, आणि समोर रझिया तळहाताला चामड्याची पट्टी बांधून मेण लावलेला दोरा ओवत होती. दोघा पाहुण्यांना हे काय चाललंय ते उमगेना. तन्वीरनं त्यांना पडवीत बसवलं, सरबत मागवलं. झरीननं ते आणलं, पण साखर कमी घातली.

“काय मग, होडेकर?” त्यांच्यातल्या थोरल्यानं विचारलं. “शेडीचं नक्की समजायचं ना?”

“शेडीत रविवारी घरचं काम आहे,” अलीदादा मान वर न करता म्हणाले.

“त्यानंतर?”

“त्यानंतर पोरगी दोन वर्षं काम करणार आहे तिथे. बाबांच्या कामाचंच आहे.” मग, तन्वीरकडे न बघता, “चावी दे तिला.”

ठिगळ खाकी पडलेल्या जुन्या तुकड्याचं होतं. रझियानं ते टोपीवर ठेवलं, मानेपर्यंत खाली ओढलं. कललेली मान तेवढी थोडी बाहेर राहत होती. तिनं तुकडा अजून खाली घेतला आणि ती पण झाकली. पहिला टाका मारला. चौथी कड शिवून संपत आली तेव्हा ती थांबली. एवढी फट ठेवली असती तर बोट आत जाऊ शकलं असतं; कधी कोणी नसताना कड उचलून बघताही आलं असतं.

“गाठ घट्ट मारलीस?” दादांनी विचारलं. त्यांनी अजून कापड ताणूनच धरलं होतं.

रझियानं फट शिवून टाकली. “मारली.”

रविवारी ओहोटीच्या वेळी बाई आल्या. वाशांवरून टांगलेली शिडं खाडीच्या वाऱ्यात फुगत होती, खाडीवर खाडी हलत होती. बाई सगळ्यांत जास्त वेळ त्या शेवटच्या कापडापाशी उभ्या राहिल्या. निळ्यात बसलेला पांढरा माणूस आणि डोक्याच्या जागी शिवलेलं खाकी ठिगळ. त्यांनी ठिगळाचे टाके जवळून पाहिले, हात मागे बांधून. “हे कोणी सुचवलं?” त्यांनी विचारलं. महरीन म्हणाली, “आमच्याकडे शीड कापत नाहीत.” बाईंनी मान डोलावली. काम मिळालं.

मिळालं ते सगळ्यांनाच थोडंथोडं. आणि भरलं कोणी? तन्वीरनं आपली पार्टी घालवली, पण दोष द्यायला आयती बायको मिळाली म्हणून तो फारसा तोट्यात नव्हता. झरीनला आठवडाभर नवऱ्याचा अबोला पडला. विहिरीच्या मानानं स्वस्तच. अलीदादांनी स्वतःच्या शेडीत स्वतःचा आकार टांगू दिला, आणि त्या कापडाकडे पाठ करून का होईना, दिवसभर तिथे बसून राहिले. महरीनला तिच्या सगळ्यांत चांगल्या कामावर दुसऱ्याच्या हातचं ठिगळ सोसावं लागलं, तेही वाहवा घेत.

रझिया मागच्या बाजूला चहा ओतत होती. वारा आला की शीड फुगायचं आणि त्यावरचं ठिगळ ताणायचं. टाका कुठेही ढिला नव्हता. तिला मुलगी मिळाली होती, ठरल्याप्रमाणे. त्याच्या बदल्यात तिनं नवरा दिला होता, दुसऱ्यांदा, आणि या वेळी स्वतःच्या हातानं, पक्क्या गाठीनं.